वहिनीचा अल्बम

४ फेब्रुवारी

मी लिहायला बसले म्हणून दादाला हसू येतंय. "शाळेच्या हजेरीपलीकडे तू कधी काही लिहिलंयस का?" म्हणतो. नाही लिहिलं. पण आज जे पाहिलं ते पोटात मावत नाहीये. दादाला सांगायला जावं तर तो मध्येच दुकानातल्या चष्म्यांच्या गोष्टी सुरू करतो.

आज स्टुडिओ पाहिला. एकामागे एक दोन दारं, दोन्ही जाडजूड. दुसरं दार लागलं आणि बाहेरचं सगळं जग एकदम गप्प झालं. अशी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. वहिनी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अगं, माझ्या पोटातली गुरगुर तुला ऐकू येतेय का?" येत होती! आम्ही दोघी फिसकन हसलो, आणि ते हसू जिथल्या तिथे विरलं, कुठूनही परत आलं नाही. मग आम्ही हसायच्या थांबलो. देवळात मोठ्याने बोलल्यावर वाटतं तसं वाटलं.

आणि तो पियानो! शाळेतल्या पियानोच्या तीन पट्ट्या मुक्या आहेत, हॉटेलातल्याच्या पायाखाली पुठ्ठा घालावा लागतो. हा काळाभोर, लांबलचक, आणि एकही पट्टी मुकी नाही. मी सगळ्यात खालचा एक स्वर वाजवला आणि बोट तसंच ठेवलं. तो वाजत राहिला, वाजत राहिला, बारीक होत होत कुठे संपला ते मला सांगता येणार नाही. तोवर कुणीही बोललं नाही. रेकॉर्डिस्टसुद्धा हातात वायरीचं भेंडोळं घेऊन उभे राहिले होते. हॉटेलच्या लॉबीत इतकी वर्षं वाजवतेय, पण माझा एक स्वर संपेपर्यंत कुणी थांबल्याचं मला आठवत नाही.

लॉबीचं लिहायला हवं, नाहीतर पुढे माझं मलाच कळणार नाही. मी शाळेत पियानो शिकवते. वहिनी, म्हणजे दादाची बायको, दातांच्या दवाखान्यात पेशंटना वेळा देते. शनिवार-रविवार संध्याकाळी आम्ही दोघी हॉटेलात लिफ्टच्या शेजारी बसून गातो. म्हणजे ती गाते, मी वाजवते. शब्द तिचे, चाली माझ्या. साधी गाणी, पण खाली जॅझचे झोके. हॉटेलच्या फलकावर आमचं नाव आहे 'नणंद-भावजय'. मॅनेजरने थट्टेत लिहिलं होतं, तेच चिकटलं. गेल्या वर्षी लिफ्ट बंद पडली तेव्हा रेकॉर्ड कंपनीच्या एक बाई खोळंबून आमच्यासमोर बसल्या, आणि दुरुस्ती झाल्यावरही उठल्या नाहीत. त्यातून हा अल्बम. महिनाअखेरपर्यंत स्टुडिओ आमचा, मग दुसऱ्या कुणाचा.

वहिनीचा अल्बम निघणार! मला अजून खरं वाटत नाही.

६ फेब्रुवारी

रेकॉर्डिस्टचं नाव मी कॅप्टन ठेवलंय. घरातसुद्धा टोपी घालत असणार हा माणूस. रेकॉर्डिंग सुरू करताना 'सुटली!' असं ओरडतात, आणि खरंच काहीतरी किनारा सोडून निघाल्यासारखं वाटतं.

वहिनीला त्यांनी काचेपलीकडच्या छोट्या खोलीत ठेवलं, मला पियानोपाशी. मी हेडफोन कानाला लावले आणि माझ्या अंगावर काटा आला. वहिनीचा श्वास! ओळ सुरू करण्याआधी ती जो श्वास घेते त्यालासुद्धा एक उतार आहे, गाण्याच्या जातीचा. लॉबीत कपबशा, चाकांच्या बॅगा, लिफ्टची घंटी यांच्यात तो कधी कानावर आलाच नव्हता. आपल्याच घरातलं माणूस, तिच्यासोबत रोज भाजी निवडते मी, आणि आज पहिल्यांदा भेटल्यासारखं झालं.

गाणं मात्र जमेना. ती चुकत नव्हती, पण पाहुण्यासारखी अवघडून गात होती. चार वेळा सुटली आणि चारही वेळा थांबली. शेवटी वहिनी बाहेर आली. "मला हिच्याजवळ उभं राहायचंय."

कॅप्टन टोपीखालून डोकं खाजवायला लागले. "एका खोलीत गायलात तर एकीचं दुसरीच्या माइकमध्ये जाणार. एकीचं चुकलं तर नुसतं तेवढं सुधारता येणार नाही."

"मग चुकायचं नाही," वहिनी म्हणाली. असं काही ती दवाखान्याच्या आवाजात म्हणते की समोरचा तोंड उघडतोच.

९ फेब्रुवारी

आजच्यासारखा दिवस नाही आणि आजच्यासारखी नामुष्की नाही.

दोघी एका खोलीत, हेडफोन काढलेले, ती पियानोच्या वळणात लॉबीतल्यासारखी हात टेकून उभी. तीन गाणी झाली, तिन्ही पहिल्या फटक्यात. तिसऱ्याला तर मला पियानोच दिसेना, कारण डोळे मिटलेले होते. मी वाजवायला लागले की शुद्धीत नसते, दादा म्हणतो ते खरंच आहे.

मग कॅप्टननी ऐकवलं. वहिनीचा आवाज मोठ्या स्पीकरमधून आला आणि मी तोंडात बोट घालून बसले. पण मागे काहीतरी घरघरत होतं. मी म्हटलं, "कॅप्टन, बाहेर कुठलं मशीन चालू आहे का? चांगल्या गाण्यात घाण येतेय."

ते माझ्याकडे पाहत राहिले. "मशीन नाही हो. तुम्ही आहात."

"मी?"

"तुम्ही गुणगुणता. पहिल्या दिवसापासून."

वहिनीकडे पाहिलं तर तीही चकित. लॉबीच्या गोंगाटात कुणाला काय ऐकू येणार! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शाळेत समूहगीतात बाईंनी मला शेवटच्या रांगेत उभं करून सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव हं." मी वर्षभर इमानेइतबारे ओठ हलवले. नंतर पियानो शिकले, त्याला ओठ लागत नाहीत. आणि आता वहिनीच्या अल्बममध्ये मी म्हशीसारखी रवंथ करतेय!

११ फेब्रुवारी

कंपनीच्या बाईंनी गाणी ऐकली. फोन स्पीकरवर होता. "गायिका अप्रतिम. पण मागे कोण कण्हतंय?"

कॅप्टन खोकले. मी म्हटलं, "मीच ती. पुन्हा होणार नाही."

"नाहीच व्हायला हवं. नाहीतर पियानोला आपण दुसरं कुणी पाहू." बाई चांगल्या आहेत, उगाच गोड बोलत नाहीत इतकंच. त्या काळ्याभोर पियानोवर दुसरं कुणी बसलंय आणि वहिनी त्याच्या वळणात हात टेकून उभी आहे, हे चित्र काही केल्या डोळ्यांसमोरून जाईना.

कानाला खडा. उद्या मी शाळेतली पेन्सिल नेणार आहे. दातात धरली की तोंड बंद.

१२ फेब्रुवारी

पेन्सिलीचा उपाय रामबाण! दिवसभरात माझ्या तोंडून हूं की चूं नाही. कॅप्टननी मुद्दाम ऐकून सांगितलं, "स्वच्छ."

पण वहिनीचं आज काय बिनसलं कळत नाही. सगळी गाणी सुरापासून खाली घसरत होती, थोडीशीच, पण तिची! जिच्या सुरावर मी कधी बोट ठेवलं नाही तिची. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा तिने माझ्याकडे वळून विचारलं, "तू गुणगुणत नाहीयेस का?"

मी अभिमानाने पेन्सिल काढून दाखवली. तिच्यावर दातांचे ठसे उठले होते.

ती पांढरीफटक पडली. म्हणाली, "आज पुरे," आणि मला न घेता एकटी घरी चालत गेली. घसा धरला असणार. संध्याकाळी तिला मध घालून गरम पाणी दिलं. ती पेला हातात धरून बसून राहिली. मग म्हणाली, "मी सूर कुठून घेते, तुला माहितीये?"

म्हटलं, "जन्मतःच मिळालाय तुला. आमच्यासारख्यांना पियानो विकत घ्यावा लागतो."

ती हसली, पण ते हसणं मला आवडलं नाही. पाणी तसंच निवून गेलं.

१५ फेब्रुवारी

तीन दिवस वहिनी स्टुडिओत आलेली नाही. मी एकटी जाते, पियानोचे भाग पक्के करते, परत येते. कॅप्टन चहा पाजतात आणि काही विचारत नाहीत.

दादा सकाळी म्हणाला, "ती बाथरूममध्ये नळ सोडून गाते आणि मध्येच थांबते. तुम्हा दोघींचं भांडण झालंय का? झालं असेल तर मला आधी सांगा, मी कुणाच्या बाजूने आहे ते ठरवायला वेळ लागेल." मी म्हटलं, तिचा घसा खराब आहे. "घसा?" दादा म्हणाला. "तिचा घसा ठणठणीत आहे. तिची झोप उडालीये."

दुपारी गॅलरीत ती फोनवर बोलत होती. मी कपडे काढायला गेले होते, ऐकायचं म्हणून ऐकलं नाही. "पियानो दुसरा घ्यायचा म्हणजे..." मग बराच वेळ नुसतं हं, हं. मग, "ठीक आहे, मग तसंच करू. मी तिला माझ्या पद्धतीने सांगते." मला पाहून तिने फोन ठेवला आणि कपड्यांना लावलेले चिमटे काढायला लागली.

समजायचं ते समजले. मला राग आला नाही असं इथे लिहिणार होते, पण ही वही माझी आहे, इथे तरी खोटं कशाला? आला. खूप आला. चाली माझ्या आहेत! मग वाटलं, माझ्यामुळे तिचं गाणं बिघडतंय, तिने किती सांभाळून घ्यायचं? अल्बम तिचा आहे. ती म्हणाली की मी हसत बाजूला होणार, तोंड पाडायचं नाही, एवढं ठरवलंय. शाळेची मुलं आहेतच.

१७ फेब्रुवारी

काय लिहू आणि कसं लिहू.

सकाळी वहिनीच मला उठवायला आली. "वन्सं, उठा, स्टुडिओत जायचंय." वन्सं म्हणते तेव्हा ती एकतर मस्करीत असते नाहीतर फार घाबरलेली असते. वाटेत एक शब्द बोलली नाही. स्टुडिओत आल्यावर म्हणाली, "आज तू बाहेर बस, कॅप्टनशेजारी. पियानो नको. मी एकटी गाणार."

म्हटलं, आली वेळ. हसत बाहेर जाऊन बसले.

काचेपलीकडे ती एकटी उभी राहिली. टेकायला पियानो होता, पण ती त्याच्यापासून लांब गेली आणि हातांचं काय करावं ते तिला कळेना. शेवटी तिने ते मागे बांधले. कॅप्टननी 'सुटली'सुद्धा हळूच म्हटलं. तिने 'साखर कमी' हे गाणं घेतलं. नवऱ्याच्या चहातली साखर वर्षावर्षाला कमी करत जाणाऱ्या बाईचं गाणं, लॉबीत लोक ह्याला हसतात.

आज हसण्यासारखं काही नव्हतं. खाली माझा एकही स्वर नाही, आणि ते गाणं उभं होतं. पहिल्या कडव्यात ती चाचपडत होती, अंधारात जिना उतरताना आपण पाय टाकतो तशी. दुसऱ्यात पाय भरवशाने पडायला लागले. शेवटाला सूर किंचित उतरला होता. मला कळलं, कॅप्टनना कळलं. पण मी अशी थक्क होऊन बसले होते की डोळ्यांतून पाणी कधी आलं ते समजलं नाही. माझ्याशिवाय ते पुरं होतं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला इतकं मोठं काहीतरी दिसत होतं की वाईट वाटायला जागाच उरली नव्हती.

बाहेर आली ती घामाने भिजून. "किती उतरले?"

"अर्ध्या सुराच्या आतच."

"पण पडले नाही ना?"

"नाही गं."

मग तिने खाली बसून सगळं सांगितलं. इतकी वर्षं ती माझ्या गुणगुणण्यावरून सूर धरत होती. तिलाही ठाऊक नव्हतं! पेन्सिलीच्या दिवशी खालची जमीनच गेली, आणि ती हादरली की आपण गायिका नाहीच, नुसती नणंदेच्या खांद्यावर बसून गावभर फिरलो. म्हणून तीन दिवस नळाखाली एकटीने गाऊन पाहत होती. "आणि बाईंना मी सांगून टाकलंय, पियानो बदलणार नाही. बदलायचीच असेल तर गायिका बदला."

मी आ वासून ऐकत होते. "असं म्हणालीस? मग त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, मला नाही म्हणता येणार नाही असं एक गाणं पाठवा. त्यावर ठरवते. अल्बमचंही आणि तुझंही."

म्हटलं, "त्यापेक्षा मी गुणगुणणं सोडते, पेन्सिल आहेच."

"पेन्सिल दिसली तर तुझ्या भावाला सोडून जाईन," ती म्हणाली. कॅप्टन इतके हसले की टोपी पडता पडता राहिली.

२० फेब्रुवारी

आज 'लिफ्ट बंद आहे' केलं. बाईंना हेच जाणार. फार साधं गाणं आहे. बिल्डिंगची लिफ्ट बंद पडल्यामुळे एकमेकांना पहिल्यांदा दिसलेली दोन माणसं:

लिफ्ट बंद आहे, जिना मोकळा आहे,
तुझ्या मजल्याखाली मी दम खात आहे.

कॅप्टननी आज एक माइक जास्तीचा लावला. उंच दांड्यावरून वळवून थेट माझ्या तोंडासमोर आणला होता. म्हटलं, हा कशाला? म्हणाले, "खोलीचा आवाज घ्यायला." या लोकांचं शास्त्र आपल्याला काय कळणार.

एकदा गायलो. छान झालं, वहिनीचा सूर एकदम पक्का. कॅप्टन म्हणाले, हे चालेल. वहिनी म्हणाली, "आणखी एकदा." आणि मला म्हणाली, "डोळे मीट. तुला काय हवं ते कर. मी पडत नाही आता."

मी डोळे मिटले. त्यानंतरचं मला धड आठवत नाही. एवढंच सांगू शकते की इतकं जवळचं मी कधी वाजवलं नव्हतं. दुसऱ्या कडव्यात तर असं वाटलं की वहिनीचा आवाज माझ्याच छातीतून निघतोय, तिच्यात आणि माझ्यात हवाही उरली नाही. शब्द माझ्या जिभेला जाणवत होते. अशा वेळी माणसाने काय करायचं असतं? वाजवत राहायचं.

शेवटचा स्वर संपला. डोळे उघडले. कॅप्टननी टोपी काढून टेबलावर ठेवली होती. चक्क टक्कल आहे! वहिनी डोळे पुसत होती. विचारलं तर म्हणाली, डोळ्यात धूळ गेली. त्या खोलीत धुळीचा कण नाही.

माझंच काहीतरी चुकलं असणार. मी म्हटलं, "आणखी एकदा घेऊ या का?"

"नाही!" दोघंही एकदम ओरडले.

२३ फेब्रुवारी

आज दादा दुकान बंद करून आला होता. चष्म्याचं दुकान भर दुपारी बंद! "माझ्या बायकोचं आणि बहिणीचं गाणं ऐकायला आजचा धंदा हेच माझं तिकीट," म्हणाला आणि सगळ्यात चांगल्या खुर्चीत जाऊन बसला.

कॅप्टननी 'लिफ्ट बंद आहे' लावलं, दुसऱ्यांदा गायलो ते. पहिलं कडवं वहिनीचं, लख्ख, एकेक शब्द आरपार दिसतो. मग दुसरं कडवं आलं आणि मी खुर्चीत सरसावून बसले.

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. खालच्या पट्टीतला, जरासा खरखरीत, झोपेतून उठून कुणीतरी पहिल्यांदा बोलावं तसा. त्याला सजवण्याची काही घाई नव्हती. 'तुझ्या मजल्याखाली मी दम खात आहे' ही ओळ आम्ही शेकडो वेळा गंमत म्हणून केली आहे. त्या आवाजात ती ऐकली आणि मला वाटलं, हा माणूस खरंच आयुष्यभर तिथे जिन्यात उभा राहिलाय. वहिनीने हा आवाज इतकी वर्षं कुठे ठेवला होता? एकाच घरात राहून मला पत्ता लागू दिला नाही? तिसऱ्या कडव्यात तिचा नेहमीचा आवाज आला, आणि तो दुसरा त्याच्या खालून चालत राहिला. दोन्ही एकदम. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

मी तिच्याकडे वळून म्हटलं, "अगं, हे काय गायलीस तू! दुसऱ्या कडव्यात काय केलंस?"

ती तोंडावर हात ठेवून माझ्याकडे पाहत होती. हात काढला आणि म्हणाली, "मी गप्प उभी होते."

दादाने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसायला लागला, बराच वेळ पुसत बसला. "लहानपणी तू आंघोळीला गेलीस की अशीच गायचीस," तो म्हणाला. "आई म्हणायची, कुणी हसू नका रे, हसलात तर बंद करेल."

मला आठवत नाही. खरंच आठवत नाही.

कॅप्टन म्हणाले, "कंपनीला अजून पाठवलेलं नाही. पहिल्यांदा गायलात ते आहे, त्यात सगळं वहिनीच गातात. बाई त्याला नाही म्हणणार नाहीत, हे मी लिहून देतो. याचं मात्र मी लिहून देत नाही. कोणतं पाठवायचं?"

मी वहिनीकडे पाहिलं. "मी तोंड उघडणार नाही," ती म्हणाली. "सवय झालीये आता."

पहिलं पाठवलं तर पियानो माझा राहतो, अल्बम निघतो, कुठेही धोका नाही. मी तोंड उघडलं ते हेच सांगायला. पण म्हटलं, "पुन्हा लावा."

त्यांनी लावलं. दुसऱ्या कडव्यापाशी मी डोळे मिटले नाहीत. स्पीकरकडे टक लावून बसले. ती कोण आहे ते मला नीट बघायचं होतं.

"कॅप्टन," मी म्हटलं, "पियानो जरा खाली घ्या. ती नीट ऐकू येत नाहीये. आणि मग हेच पाठवा."